हौदाकाठी लावा जलपिंपळी



ऊस कांडीपासून येतो, त्याला मधमाशीची गरज नाही. म्हणून आपल्या ऊसवाल्यांचे माशीकडे सहसा लक्ष जात नाही. पण परसातल्या काकडी, कारले, भोपळ्याचे तसे नाही. या वेलांवर नरफूल वेगळे, मादीफूल वेगळे. एकाचा पराग दुसऱ्यावर माशीने नेला तरच फळ धरते, नाहीतर मादीफुलामागचे कोवळे फळ पिवळे पडून गळते. “वेल मांडवभर, पण काकडीचा पत्ता नाही,” ही तक्रार आम्ही घरोघरी ऐकतो. दोष दर वेळी खताचाच असतो असे नाही. पुष्कळदा माशीच फिरकलेली नसते.

आणि ती फिरकणार कशी? चहूकडे ऊसच ऊस. पाटाच्या नि बांधाच्या कडेची रानफुले आपण टू-फोर-डी मारून घालवली. कडा स्वच्छ दिसल्या, माशीचे ताट मात्र रिकामे झाले. वेल फुलतो दोन-तीन महिने. बाकीचे दिवस तिने खायचे काय?

यावर बिनखर्ची उपाय आहे जलपिंपळी. ही आपल्याच ओल्या जमिनीतली, वर्षानुवर्षे टिकणारी वनस्पती. ती जमिनीसरशी पसरते, पेरापेराला मुळ्या धरते. पान लहान, टोकाकडे रुंद व दातेरी. फुलांचा तुरा पिंपळीसारखा दिसतो, म्हणून हे नाव. तुऱ्याभोवती पांढरट-जांभळी इवली फुले कड्यासारखी उमलतात. खालची सुकली की वरची उमलतात, त्यामुळे एक तुरा बरेच दिवस चालतो. त्यावर लहान मधमाश्या नि फुलपाखरे येतात.

लागण अगदी सोपी. पाटाकडेची तीन-चार पेरांची कांडी आणा. पावसाळ्याच्या तोंडाला, किंवा पाणी असेल तर एरवीही, जनावरांच्या हौदाजवळ अथवा नळाच्या कट्ट्याशी जिथे ओल राहते नि ऊन पडते, तिथे फूटभर अंतराने लावा. दोन पेरे मातीत दाबा. मूळ धरेपर्यंत ओल मोडू देऊ नका. जमीन थोडी खारवट असली तरी चालते.

कुणी म्हणेल, “अहो, हे तर तण!” खरे आहे, मोकळी सोडली तर पसरते. म्हणून भोवती विटांची कड करा, बाहेर आलेली फूट खुडा. उसाच्या सरीत मात्र लावू नका.

आणखी एक विनंती. तणनाशक मारताना वारा पाहा. टू-फोर-डी रुंद पानांवर चालते, त्याचा शिंतोडा जलपिंपळीला मारील आणि भाजीच्या वेलालाही. निदान घराजवळची पाटकड तरी खुरप्यानेच काढा, नि काढताना फुलाची झाडे राखा.

घरामागे दोन हात जागा पुरे. माशी आली की वेलावर काकडी दिसेलच!