दुर्बिणीसाठी रुंद क्षेत्राचे नेत्रभिंग

दुर्बिणीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती पट मोठे दिसते?" बाजारातील जाहिराती याच प्रश्नावर जगतात. वस्तुतः मोठेपणाची ही संख्या दुर्बिणीच्या अंगची नसतेच. आरशाचे नाभीय अंतर भागिले नेत्रभिंगाचे नाभीय अंतर, एवढाच तिचा हिशोब. नेत्रभिंग, म्हणजे ज्याला आपण डोळा लावतो तो आयपीस, बदलला की संख्या बदलली. ज्या दुर्बिणीपुढे पाचपन्नास माणसे रांगेत उभी राहावयाची आहेत, तिच्याविषयी प्रश्न विचारावयाचा तो निराळा: एका वेळी आकाशाचा केवढा तुकडा दिसतो, आणि तो कडेपर्यंत स्वच्छ दिसतो की नाही?

शिरोड्यासारख्या गावात दुर्बीण आली तर ती बहुधा वर्गणीतूनच यावयाची. वाचनालयाची, शाळेची, नाहीतर एखाद्या मंडळाची. आरसा केवढा असावा याचा खल महिनामहिना चालतो. नेत्रभिंग मात्र 'सोबत येईल ते' या न्यायाने येते. वर्गणीच्या पैशाला गळती लागते ती येथे. म्हणून आज आम्ही आरशाविषयी थोडे आणि नेत्रभिंगाविषयी पुष्कळ बोलणार आहोत.

उदाहरणासाठी एक दुर्बीण धरू. आरसा आठ इंची, म्हणजे २०० मिलीमीटर व्यासाचा. नाभीय अंतर १००० मिलीमीटर. हजार भागिले दोनशे, उत्तर पाच. हिला 'एफ पाच' ची दुर्बीण म्हणतात, आणि छायाचित्रकारांच्या बोलीत ती 'जलद' ठरते, कारण अशा भिंगाने फोटो लवकर उठतो. जलद दुर्बीण आखूड असते, दोघांनी उचलून समुद्राकाठी नेता येते आणि तिच्यात आकाशाचा मोठा तुकडा मावतो. गावासाठी हीच सोयीची. पण या सोयीची किंमत नेत्रभिंगाला मोजावी लागते.

ती कशी ते नरसाळ्यावरून समजेल. आरशावरून परतलेला प्रकाश नरसाळ्याच्या आकाराने निमुळता होत एका बिंदूत येतो. जुन्या लांबलचक दुर्बिणींत नाभीय अंतर व्यासाच्या पंधरापट असे. तेथील नरसाळे उंच आणि अरुंद, टोकाशी चार अंशांहूनही कमी कोनाचे. आपल्या एफ पाचच्या आरशाचे नरसाळे बसके. कोन सुमारे साडेअकरा अंश. इतक्या तिरप्या येणाऱ्या किरणांना साधे नेत्रभिंग मध्यभागी सांभाळून घेते, कडेला मात्र त्याचा धीर सुटतो आणि तेथील तारे फराटे होऊन दिसतात.

सतराव्या शतकात ह्यूजेन्स या डच शास्त्रज्ञाने दोन भिंगांचे जे नेत्रभिंग बनविले ते लांब दुर्बिणींसाठी आजही वाईट नाही; जलद दुर्बिणीत मात्र ते निरुपयोगी. १८६० मध्ये व्हिएन्नाच्या प्लॉसलने चार भिंगांची रचना केली. आज पन्नास अंशांच्या आसपास दर्शनी कोनाची जी साधी, स्वस्त आणि प्रामाणिक नेत्रभिंगे मिळतात ती बहुतेक याच घराण्यातील. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनीतील झाइस कारखान्याच्या एर्फ्लेने कोन साठ अंशांपलीकडे नेला. पुढची मोठी उडी १९८० च्या सुमाराची. अमेरिकेचा अल नेग्लर चांद्रयात्रींच्या सरावासाठी लागणाऱ्या यंत्रांची भिंगे घडवीत असे. खोट्या खिडकीतून खरा चंद्र पाहिल्याचा भास व्हावा लागे. त्या अनुभवातून त्याने ब्याऐंशी अंशांचे असे नेत्रभिंग काढले की जे जलद दुर्बिणीतही कडेपर्यंत टिकून राहते.

दर्शनी कोन म्हणजे काय? माजघरात उभे राहून खिडकीतून बाहेर पाहिले तर अंगण दिसते, पण भोवती भिंतच जास्त. हे पन्नास अंश. खिडकीच्या गजांना नाक लावून उभे राहिलो की भिंत नजरेआड होते आणि अंगण तेवढे उरते; हे ब्याऐंशी अंश. दोन्हीकडून माड तेवढ्याच आकाराचा दिसतो. फरक एवढाच की दुसऱ्या ठिकाणी माडाशेजारची विहीरही दिसते.

आता कोणी म्हणेल, एवढी यातायात कशाला? कमी पटीचे नेत्रभिंग घेतले की आपोआप जास्त आकाश दिसेल. चाळीस मिलीमीटरचे स्वस्त नेत्रभिंग घ्या, पंचवीस पट दिसेल, काम झाले. दुकानदारही हेच सांगतो. येथे दोन अडचणी येतात, आणि दोन्ही नीट समजून घेण्यासारख्या आहेत.

पहिली अडचण आपल्या डोळ्याची. नेत्रभिंगातून प्रकाश एका लहान वाटोळ्या चकतीच्या रूपाने बाहेर पडतो. दुर्बीण दिवसा उजेडाकडे वळवून हातभर मागे सरून पाहिले तर ही चकती भिंगापाशी तरंगताना दिसते. (सूर्याकडे मात्र दुर्बीण चुकूनही वळवू नये, डोळा क्षणात जातो.) चकतीचा व्यास काढावयाचा तर नेत्रभिंगाच्या नाभीय अंतराला एफच्या आकड्याने भागावे. चाळीस भागिले पाच, म्हणजे आठ मिलीमीटर. अंधारात तरुण माणसाची बाहुली सात मिलीमीटरपर्यंत उघडते; पन्नाशी उलटलेल्यांची बहुधा पाचाच्या आसपास थांबते. आठ मिलीमीटरची चकती पाचाच्या दारातून आत जाणार कशी? बाकीचा प्रकाश पापण्यांवर सांडतो. हिशोब केला तर आठ इंची आरशापैकी मधला पाच इंचांचा भागच त्या माणसाच्या कामी येतो. क्षेत्रफळाने पाहिले तर शेकडा एकोणचाळीस. वर्गणी आठ इंचांची आणि दर्शन पाच इंचांचे!

दुसरी अडचण नळीची. नेत्रभिंगांच्या नळ्या सव्वा इंची आणि दोन इंची अशा दोन मापांच्या असतात. आकाशाचा केवढा तुकडा आत यावा हे नेत्रभिंगाच्या आत बसविलेले एक कडे ठरविते, आणि सव्वा इंची नळीत ते कडे सत्तावीस मिलीमीटरहून फारसे मोठे बसत नाही. आपल्या दुर्बिणीत याचा अर्थ सुमारे दीड अंश. तीन पौर्णिमेचे चंद्र शेजारी शेजारी मांडावे एवढी जागा. आता गंमत पाहा. बत्तीस मिलीमीटरचे पन्नास अंशी नेत्रभिंग आणि चोवीस मिलीमीटरचे अडुसष्ट अंशी नेत्रभिंग, दोघांची कडी जवळजवळ सारखीच. आकाश दोघांतून तेवढेच दिसते. पण पहिल्याची पट एकतीस आणि चकती ६.४ मिलीमीटर, दुसऱ्याची पट बेचाळीस आणि चकती ४.८ मिलीमीटर. चकती लहान झाली की आकाशाची पार्श्वभूमी काळवंडते, येथे पावणेदोन पटींनी. तारा मात्र बिंदूच असल्यामुळे तितका मंदावत नाही. काळ्या पाटीवर खडू उठून दिसावा तसा तो उठून दिसतो. शिरोड्यात दक्षिणेकडे गोव्याच्या बाजूचे दिवे आहेत, गावातही दिवे वाढले आहेत. अशा आकाशाला काळेपणा विकत घ्यावा लागतो. तो रुंद कोनाच्या नेत्रभिंगात मिळतो.

यापुढचा मुद्दा रांगेचा, आणि तो आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

आपल्या जिल्ह्याने दुर्बिणी पाहिल्या नाहीत असे नाही. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी नॉर्मन लॉकियर विजयदुर्गावर छावणी टाकून राहिला होता. (हेलियमचा शोध त्याने विजयदुर्गावर लावला, असे आपल्याकडे सांगतात. ते खरे नव्हे. १८६८ साली तो इंग्लंडातच होता.) त्याची उपकरणे मोजमापासाठी होती. आपली दुर्बीण दाखविण्यासाठी आहे, आणि दाखविण्याच्या दुर्बिणीचा मूळपुरुष जॉन डॉब्सन. हा रामकृष्ण परंपरेचा साधू १९६७ पर्यंत अमेरिकेतील वेदान्त मठात होता. जहाजाच्या खिडक्यांच्या जुन्या काचा घासून त्याने आरसे केले, पुठ्ठ्याच्या नळ्यांत बसविले, लाकडी बैठकीवर चढविले आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर येणाऱ्याजाणाऱ्यांना चंद्र आणि शनी दाखविले. हाताने ढकलावयाची ही बैठक आज डॉब्सनच्याच नावाने जगभर चालते. तिला मोटर नसते. त्यामुळे तारे आपल्या गतीने दृष्टीतून निघून जातात.

ही गती आपल्या वाडवडिलांना पाठ होती: एका घटकेत सहा अंश, दहा पळांत एक अंश, म्हणजेच चार मिनिटांत एक अंश. एकाहत्तर पटीचे चौदा मिलीमीटरचे पन्नास अंशी नेत्रभिंग लावले तर ०.७ अंश दिसतो आणि विषुववृत्ताजवळचा तारा या कडेपासून त्या कडेपर्यंत पावणेतीन मिनिटांत जातो. तेवढ्याच पटीचे ब्याऐंशी अंशी असेल तर साडेचार मिनिटांहून जास्त वेळ मिळतो. माणशी अर्धा मिनिट धरले तर एकदा दुर्बीण लावल्यावर पहिल्यात पाच माणसे पाहतील, दुसऱ्यात नऊ. रांगेतील सहावा माणूस डोळा लावतो, त्याला काहीच दिसत नाही, तो संकोचाने "दिसले, दिसले" म्हणतो आणि घरी जातो. सभा आणि रांगा यांत आमचा बराच जन्म गेला आहे. असा "दिसले" आम्ही ओळखतो. मजुरी करून संध्याकाळी चालत आलेल्या बाईवर ही पाळी येऊ नये, यासाठी नेत्रभिंगावर चार पैसे जास्त गेले तरी ते वाया गेले असे आम्ही म्हणणार नाही.

वसंतात तर दाखवावे असे वैभव आपल्या दक्षिणेला आहे. नरतुरंगातील ओमेगा हा गोलाकार तारकागुच्छ एप्रिलच्या मध्यास मध्यरात्रीच्या सुमाराला, मेच्या मध्यास रात्री दहाच्या सुमाराला शिरोड्याच्या क्षितिजावर सत्तावीस अंश चढतो. लंडनहून तो कधीच उगवत नाही, म्हणून इंग्रजी वाटाड्या पुस्तकांवर विसंबणाऱ्याच्या तो ध्यानी येत नाही. नुसत्या डोळ्यांना तो धूसर तारा वाटतो. १६७७ मध्ये सेंट हेलिना बेटावरून हॅलीने तो साधा तारा नसल्याची नोंद केली. सुमारे सतरा हजार प्रकाशवर्षे दूर, अदमासे एक कोटी तारे. त्याचा विस्तार पूर्ण चंद्राहून मोठा आहे. अरुंद नेत्रभिंगात तो कडेला टेकतो आणि नुसता भुरकट उजेड वाटतो. सत्तर पटीला ब्याऐंशी अंशांत तो काळोखाच्या मधोमध रांगोळीच्या चिमटीसारखा सुटा होऊन दिसतो.

आता परीक्षा. पैसे मोजण्यापूर्वी नेत्रभिंग दुर्बिणीत लावून पाहावे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, इतरत्रही हौशी मंडळे आहेत. अशांच्या आकाशदर्शनाला गेल्यास निरनिराळी नेत्रभिंगे पाहावयास मिळतात. चित्रा तारा मध्यभागी टोकदार करून घ्या आणि मग कडेला न्या. तेथे तो फुगला, पण फोकसची मूठ किंचित फिरवताच पुन्हा टोकदार झाला, तर दोष क्षेत्राच्या वक्रतेचा. तरुण डोळा तो सावरून घेतो, म्हातारा घेत नाही. मूठ फिरवताना ताऱ्याची रेघ होऊन ती आडवीची उभी झाली, तर तो चष्म्याच्या सिलिंडर नंबरासारखा दोष. नेत्रभिंग परत करा. आणि ताऱ्याला बाहेरच्या बाजूस धूमकेतूसारखे शेपूट फुटले, मूठ फिरवूनही दिशा बदलली नाही, तर नेत्रभिंगाला दोष देऊ नका. तो कोमा, आणि तो आरशाचा आहे. कितीही महाग नेत्रभिंग त्याला घालवू शकत नाही. त्यासाठी वेगळे सुधारक भिंग लागते. एफ चारच्या दुर्बिणीला ते हवेच, एफ पाचला रांगेच्या कामासाठी नसले तरी चालते.

चष्म्याचेही पाहावे. वाचनाचा चष्मा दुर्बिणीपाशी लागत नाही, तो खिशात ठेवावा. दूरचा चष्मा असणारा प्रत्येकजण फोकस बदलू लागला तर रांग मोडते. म्हणून चष्म्यासकट पाहता येईल असे, भिंगापासून डोळा पंधरा मिलीमीटरवर ठेवूनही पूर्ण क्षेत्र दिसेल असे नेत्रभिंग घ्यावे. काही रुंद नेत्रभिंगांत डोळा जरा हलला की चवळीच्या दाण्यासारखी काळी सावली नाचते. मुलांना अशा भिंगातून काही दिसत नाही. वजनही पारखावे, दोन इंची नेत्रभिंगे किलोच्या आसपास भरतात आणि हलकी दुर्बीण पुढे झुकते. मागच्या टोकाला वाळूची पिशवी बांधली की भागते.

तेव्हा आमचे मत असे. एफ पाचच्या आठ इंचीला पहिले नेत्रभिंग चोवीस मिलीमीटरचे, अडुसष्ट अंशी. दुसरे चौदाच्या आसपासचे, ब्याऐंशी अंशी, वर्षभराने का होईना. शंभर अंशी भिंगे आता मिळतात, ती सुंदरही आहेत, पण काहींची किंमत आरशाहून जास्त. त्या पैशात दुसऱ्या गावाची दुर्बीण होईल. ज्यांची दुर्बीण एफ आठची आहे त्यांनी साध्या प्लॉसलवर खुशाल समाधान मानावे.

राहिली आपली खारी, दमट हवा. पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते आणि ती त्यांवरील लेप खाते. नेत्रभिंगे चामड्याच्या वा कापडी पिशवीत ठेवू नयेत. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलचे खडे घालून ठेवावीत, आणि खड्यांचा रंग पालटला की ते वाळवून घ्यावेत, स्वयंपाकाच्या भांड्यांत मात्र नव्हे. जून ते सप्टेंबर आकाश मिळत नाही म्हणून डबा उघडलाच जात नाही, तसे करू नये. महिन्यातून एकदा भिंग दिव्यापुढे तिरपे धरून पाहावे. कोळिष्टकासारखे तंतू दिसू लागले तर जाणत्या माणसाकडे पाठवावे. रुंद कोनाच्या नेत्रभिंगात सहासात भिंगे ठरावीक अंतरांनी बसविलेली असतात, ती घरी खोलू नयेत.