ठोका कुठल्या तालात पडतो?

इंजिनातून अचानक जोरजोरात ठोके ऐकू यायला लागले, तर गाडी कडेला घ्यावी आणि इंजिन बंद करावं. कारण काय, खर्च किती, हे सगळं नंतर. ‘पुढच्या गॅरेजपर्यंत तर जाईलच’ हा हिशेब नेमका इथे चुकतो. ठोक्याची बरीचशी कारणं किरकोळ असतात हे खरं, पण एक कारण असं आहे की त्यात दर मिनिटाला नुकसान वाढत जातं आणि दुरुस्तीत निभावलं असतं तिथे अख्खं इंजिन बदलायची पाळी येते. ते कारण म्हणजे कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग, गॅरेजवाल्यांच्या तोंडी ‘बिगएंड’.

सुरुवात तिथूनच करू, कारण धडधाकट इंजिन मुळात ठोके का देत नाही, हे त्यातच कळतं.

1200 सीसीचं, चार सिलिंडरचं साधं पेट्रोल इंजिन घ्या. आपल्याकडच्या कितीतरी छोट्या गाड्यांत तेच असतं. मिनिटाला 3000 फेरे म्हणजे सेकंदाला 50. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली थबकतो, म्हणजे सेकंदाला शंभरदा दिशा बदलतो. वरच्या टोकाला वळताना त्याचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे साडेचारशे पट असतं. शिवाय पेट्रोल पेटतं तेव्हा पूर्ण भाराखाली पिस्टनच्या माथ्यावर क्षणभर दोन टनांच्या आसपास दाब पडतो. हा सगळा भार कनेक्टिंग रॉड क्रँकशाफ्टवर उतरवतो, तोही धातूच्या दोन पातळ अर्धवर्तुळाकार वाट्यांमधून. या वाट्या आणि क्रँक यांच्यात मुद्दाम फट ठेवलेली असते, साधारण 0.03 ते 0.05 मिलिमीटरची. मधे मोकळी जागा असलेले दोन भाग टनांच्या हिशेबात एकमेकांवर रेटले जात असतील, तर आवाज व्हायलाच हवा. होत नाही, कारण ते एकमेकांना टेकतच नाहीत.

हे कळलं ते जवळपास अपघातानं. इंग्लंडमध्ये बीचम टॉवर हा इंजिनिअर 1883च्या सुमारास रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगमधलं घर्षण मोजत होता. बेअरिंगच्या माथ्यावर तेल सोडण्यासाठी त्यानं एक भोक पाडलं. आस फिरू लागला आणि तेल आत जाण्याऐवजी त्याच भोकातून वर यायला लागलं. टॉवरनं भोक बुचानं बंद केलं, मग लाकडाच्या खुंटीनं. खुंटीही हळूहळू वर सरकत बाहेर आली. शेवटी त्यानं तिथे दाबमापक बसवला. बेअरिंगवरचा सरासरी भार दर चौरस इंचाला 100 पौंड होता आणि मापकाचा काटा 200 पौंडांच्या पुढे, मोजपट्टीबाहेर निघाला. तेल नुसतं बुळबुळीत करत नव्हतं, ते भार उचलून धरत होतं.

1886 साली ऑस्बर्न रेनॉल्ड्सनं याचं गणित मांडलं. फिरणारा दांडा आपल्याबरोबर तेल एका निमुळत्या जागेत ओढून नेतो. तेल चिकट असल्यामुळे त्याला बाजूला निसटायला वेळ मिळत नाही, दाब वाढतो आणि दांडा तेलावर अधांतरी तरंगतो. भर पावसात वेगात असलेला टायर पाण्यावर चढतो आणि स्टिअरिंग हलकं लागतं, तेही मुळात याच तऱ्हेनं. रस्त्यावर ते जिवावर बेततं, इंजिनात मात्र सगळा कारभार त्यावरच चालतो. भार सर्वांत जास्त असतो तेव्हा तेलाचा हा थर काही मायक्रॉनच उरतो, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी पातळ.

इथे ऑइल पंपाचं काम एवढंच की त्या फटीत तेल पोचत राहावं. ते न पोचण्याची कारणं अगदी साधी असतात. तेल कमी झालेलं असतं. वेळेवर न बदललेल्या तेलाचा गाळ पंपाच्या जाळीवर बसलेला असतो. किंवा, आणि हे आपल्याकडे फार होतं, एखाद्या बेताल स्पीडब्रेकरवर ऑइल चेंबर खालून आपटून आत गेलेलं असतं. तेल गळत नाही म्हणून मालक निर्धास्त असतो, पण चेंबरचा तळ जाळीच्या तोंडाशी टेकून तेलाची वाट अडवतो. एकदा धातू धातूला लागला की वाटीवरचं मऊ अस्तर पुसलं जातं, फट रुंदावते, रुंद फटीतून तेल भसाभस निघून जातं, दाब आणखी उतरतो आणि शेजारच्या बेअरिंगलाही तेल पुरेनासं होतं. मिनिटामिनिटाला नुकसान वाढतं ते यामुळे.

डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यावर इथे विसंबू नये. तो दिवा तेलाची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो, आणि बहुतेक गाड्यांत दाब अर्ध्या बारच्या खाली घसरल्याशिवाय तो लागतच नाही. पळत्या इंजिनाला त्याच्या कितीतरी पट दाब लागतो. म्हणून दिवा लागला नाही तरी डिपस्टिक ओढून पाहायचीच. फुकटची आणि अर्ध्या मिनिटाची तपासणी असूनही ती सगळ्यात शेवटी केली जाते, हे मला कधी कळलेलं नाही.

तेल ठीक असेल तर निदानाला लागायचं. लोक मिस्त्रीला सांगतात की आवाज फार मोठा आहे. मोठेपणावरून जवळजवळ काहीच कळत नाही. सायलेन्सरचा सैल पत्रा बिगएंडपेक्षा जास्त कालवा करू शकतो. विचारायचं ते हे की ठोका कधी पडतो, कोणत्या तालात पडतो आणि काय केल्यावर बदलतो.

ताल महत्त्वाचा का? फोर-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो. गाडी उभी असताना इंजिन 800 फेऱ्यांवर चालू असेल, तर क्रँकचा एक फेरा 0.075 सेकंदात होतो आणि कॅमचा 0.15 सेकंदात. टॅपेट किंवा व्हॉल्व्हचा आवाज कॅमच्या तालात, वरून आणि बारीक ‘टिकटिक’ असा येतो. क्रँकच्या तालात, खालून, जड ‘ठक’ येत असेल तर काळजीचं कारण. सेकंदाला 13 ठोके कानाला मोजता येत नाहीत. जुने मिस्त्री त्यासाठी प्लगच्या ठिणगीबरोबर लखलखणारा टायमिंग लाइट वापरायचे. डिस्ट्रिब्यूटरच्या गाडीत एका प्लगची ठिणगी दोन फेऱ्यांत एकदा पडते, तेव्हा लाइटच्या एका लखलखाटाला एक ठोका म्हणजे वरचं दुखणं आणि दोन ठोके म्हणजे खालचं. आज मोबाइलवर आवाज टिपावा, ध्वनी संपादनाच्या एखाद्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडावा आणि दोन उंच शिखरांमधलं अंतर सेकंदात वाचावं. शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनाला शोभेल असा हा प्रयोग आहे आणि उत्तर कानापेक्षा नेमकं येतं.

दुसरी कसोटी तापमानाची. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा असतो आणि अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. झिजलेल्या लोखंडी सिलिंडरमध्ये थंड पिस्टन सैल पडून बाजूंवर आपटतो, तापला की फुगून नीट बसतो आणि आवाज विरतो. सकाळी येणारा आणि गाडी तापल्यावर जाणारा ठोका बहुधा हाच असतो, त्याच्यासह गाडी वर्षानुवर्षं चालू शकते. बेअरिंगचं उलट. तेल 40 अंशांवर असतं त्याच्या साधारण सहापट पातळ 100 अंशांवर होतं, त्यामुळे झिजलेलं बेअरिंग थंडपणी गप्प राहतं आणि तापल्यावर बोलू लागतं. जुनी गाडी विकणारे काही जण आधी जाड तेल भरून ठेवतात, ते याचसाठी. गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असतानाच सुरू करून बघा आणि मग ते चांगलं तापेपर्यंत फिरवून आणा. दोन्ही दुखणी एका फेरीत कळतात.

मग जागा शोधायची. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून ऐकणारे मिस्त्री आपण पाहिलेले असतात. यात जादू नाही. धातूतला कंप हवेत उतरताना बराचसा माघारी परततो, उरलेला बॉनेटखालच्या गोंगाटात मिसळतो. लोखंडी दांडीतून तो सरळ कानाशी येतो. (पट्टा आणि पंखा फिरत असतात. ओढणी, टाय, मोकळे केस लांब ठेवावेत.) त्यानंतर एकेका सिलिंडरचा इंजेक्टर काही सेकंदांपुरता तोडून बघतात. त्या सिलिंडरमधला स्फोट थांबला की त्याच्या रॉडवरचा भार जातो. ज्याला तोडल्यावर ठोका मंदावतो, त्याच्या बिगएंडवर संशय पक्का. दुहेरी ‘टक-टक’ आला तर नजर वर, पिस्टनच्या गजन पिनकडे जाते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम पाहायचा, हे प्रयोगशाळेतलं शिस्तीचं काम हाताला ऑइल लागलेली माणसं रोज करत असतात.

इंजिन खोलायचं ठरवण्याआधी स्वस्तातल्या शक्यता मात्र संपवाव्यात. एसी बंद केल्यावर आवाज गेला तर कॉम्प्रेसर बघा. क्लच दाबल्यावर बदलला तर रिलीज बेअरिंग किंवा फ्लायव्हील. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधली पोलादी तबकडी तडकते आणि हुबेहूब बिगएंडसारखे ठोके देते. तिच्यापायी धडधाकट इंजिन उघडलं जाण्याचे प्रकार होतात. खड्ड्यातच येणारा ठोका तर इंजिनाचा नसतोच.

आता पेट्रोलच्या ठोक्याकडे येऊ. गॅरेजमध्ये ‘नॉकिंग’ म्हणतात ते बरेचदा हेच, आणि ते बेअरिंगपेक्षा पूर्ण वेगळं आहे. ठिणगीपासून निघालेली ज्योत पसरत असताना पुढचं न जळलेलं मिश्रण दाबलं जातं, तापतं आणि ज्योत पोचण्याआधी स्वतःच एकदम पेटतं. दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळत राहतात. साधारण साडेसात सेंटिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये त्यांची वारंवारता सहा-सात हजार हर्ट्झच्या आसपास येते, म्हणून आवाज जड नसतो, खणखणीत असतो. तो चढावर, वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर येतो आणि त्याला ठरावीक ताल नसतो. गाडी उभी असताना ठोके येत असतील तर सहसा पेट्रोलला दोष देऊ नये.

पेट्रोलच्या या ठोक्यावर उतारा म्हणून जनरल मोटर्समध्ये चार्ल्स केटरिंगच्या हाताखाली थॉमस मिड्जलीनं 1921 साली शिशाचं संयुग शोधलं. ठोका गेला, पण त्या शिशाचं विष जगभरच्या हवेत मिसळलं. भारतात शिसंयुक्त पेट्रोल 2000 साली बंद झालं, जगात शेवटी अल्जीरियात, 2021 मध्ये. आता इंजिनावरच बसवलेला सेन्सर त्या उंच स्वरावर कान ठेवून असतो. ठोक्याची चाहूल लागताच कॉम्प्युटर ठिणगी थोडी उशिरा पाडतो. म्हणजे आजच्या गाडीत वाईट पेट्रोलचा ठोका ऐकू येण्याआधी पिकअप कमी झालेला जाणवतो. साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या इंजिनात महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरून बेअरिंगचा ठोका जाईल, ही आशा मात्र व्यर्थ.

डिझेलचं तंत्र उलटं. तिथे ठिणगी नाही. फवारलेलं डिझेल पेटायला क्षणभर उशीर होतो, तेवढ्यात साचलेलं इंधन एकदम भडकतं. पेट्रोलमध्ये ठोका जळण्याच्या शेवटी, डिझेलमध्ये सुरुवातीला. कॉमन रेल इंजिनात आधी चिमूटभर इंधन फवारून हा धक्का सौम्य करतात. एकाच सिलिंडरमधून अचानक कडक ठोका आला तर इंजेक्टर तपासावा. जुन्या डिझेलमध्ये इंजेक्टरचा पाइप ढिला करून बघायची पद्धत होती, ती कॉमन रेलवर चुकूनही वापरू नये. तिथला दाब हजार बारच्या पुढे जातो आणि असा फवारा कातडी भेदून आत जातो.

पावसाळ्यात आणखी एक कारण पुढे येतं. साचलेल्या पाण्यातून गाडी घातली आणि एअर फिल्टरच्या वाटेनं पाणी आत गेलं, तर किती पाणी पुरतं? 300 सीसीच्या सिलिंडरमध्ये 10 पट दाबणी असेल तर वर जागा उरते 33 मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे. पाणी दाबलं जात नाही, रॉड वाकतो. वाकलेला रॉड तोकडा पडतो, खाली आलेला पिस्टन क्रँकच्या वजनांना लागू शकतो आणि पाणी ओसरल्यावरही ठोका राहतो. म्हणून पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करू नये. हे नुकसान साध्या विमा पॉलिसीत सहसा बसतही नाही.

संशय बेअरिंगवरच येऊन थांबला, तर तेल काढून पांढऱ्या फडक्यावर ओतावं आणि फिल्टर कापून आतला कागद उलगडावा. चमचमणारी कणी दिसली तर तिच्यावरून लोहचुंबक फिरवावं. बेअरिंगचं अस्तर अ‍ॅल्युमिनियम, कथील, तांबं अशा धातूंचं असतं, ते चुंबकाला लागत नाही. नुसती न चिकटणारी कणी म्हणजे वाटीच पुसली गेली आहे आणि क्रँक अजून वाचला असण्याची शक्यता आहे. चिकटणारीही निघाली तर क्रँकच खरवडला गेला असावा. चेंबर उतरवल्यावर फट मोजायला प्लास्टिगेज नावाचा मेणासारखा बारीक धागा मिळतो. तो क्रँकवर ठेवून रॉडची टोपी ठरलेल्या ताकदीनं आवळतात, पुन्हा सोडतात आणि चपटा झालेला धागा पाकिटावरच्या पट्टीशी ताडून बघतात. धागा रुंद पसरला तर फट कमी, अरुंद राहिला तर जास्त. क्रँकवर ओरखडे नसतील आणि माप बरोबर असेल तर नव्या वाट्यांवर भागतं. नसेल तर क्रँक लेथवाल्याकडे ग्राइंडिंगला जातो, पाव मिलिमीटर उतरवून येतो, आणि त्याला बसणाऱ्या जाड वाट्या बाजारात मिळतात का, हे मिस्त्रीनं क्रँक पाठवण्याआधीच विचारून ठेवायचं असतं.