कठडा कोणी बांधायचा?

घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा करावा, अशी तोरात आज्ञा आहे. कठडा नसल्याने कोणी पडला, तर दोष घर बांधणाऱ्यावर. पण कठडा ओलांडून जाणाऱ्याचं काय?

2003 साली इथे इस्राएलमध्ये विकल्या गेलेल्या रेमेडियाच्या सोया दूध-पावडरीत बी-1 जीवनसत्त्व नसल्यातच जमा होतं. डब्यावर मात्र छापलेलं होतं. तान्ही बाळं दगावली, काही जन्माची अधू झाली. आईबापांची यात काय चूक? 2013 मध्ये कंपनीच्या अन्नतंत्रज्ञाला तुरुंगवासाची शिक्षा झाली.

1980 च्या कायद्याप्रमाणे सदोष वस्तूने शरीराला इजा झाली, तर भरपाई उत्पादकाने द्यायची. आयात करणाराही उत्पादकच धरला जातो. या दोघांचा पत्ता लागला नाही, तर जबाबदारी विकणाऱ्यावर येते. म्हणून आम्ही म्हणतो, बिल आणि खोका जपून ठेवा.

पण शब्बाथच्या प्लाटाची वायर तुटलेली दिसूनही आपण चिकटपट्टी लावून वापरली, तर दुकानदाराला बोल का लावायचा? आजी-आजोबांनो, हिब्रू सूचना कळत नसतील तर विचारायला लाजू नका. मुलांनो, त्या मराठीत समजावून सांगा.

कठडा त्यांनी बांधायचा. पाऊल आपण जपून टाकायचं.