वणव्याचा हिशेब

हिमायतनगरहून किनवटकडे जाणाऱ्या आगगाडीत तुम्ही कधीतरी खिडकीजवळ बसला असाल. पावसाळ्यात बाहेरची माळराने हिरवीगार दिसतात. दिवाळीनंतर तेच गवत पिवळे पडते. फेब्रुवारी उजाडला, की ते इतके वाळते, की एक ठिणगीही पुरते. मग उतारावर मधूनमधून काळे पट्टे दिसू लागतात. तेथून आग गेलेली असते. रानात पसरणाऱ्या अशा आगीला मराठीत 'वणवा' म्हणतात. जंगल, हवा, जमीन हे शब्द तुमच्या घरच्या भाषेतही आहेत. 'वणवा' हा शब्द मात्र तुम्हांला नवा वाटेल. तो लक्षात ठेवा; कारण आज आपण वणव्याचा हिशेब मांडणार आहोत.

ज्या प्रदेशात जमिनीवर सलग गवत आणि त्यात विखुरलेली झाडे असतात, त्याला 'सॅव्हाना' म्हणतात. हे नाव ऐकले, की आफ्रिकेतील सिंह आणि जिराफ डोळ्यांपुढे येतात. पण दख्खनच्या पठारावरील आपली माळराने हीसुद्धा सॅव्हानाच आहेत. जंगल तोडल्यामुळे ही राने उजाड झाली, असे पुष्कळांना वाटते. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी तेराव्या शतकापासूनचे मराठी साहित्य तपासले. त्यात आलेल्या रानटी झाडाझुडपांपैकी बरीचशी माळरानावरचीच निघाली. म्हणजे ही माळराने फार जुनी आहेत. किनवट-माहूरकडे सागाचे जंगल दाट होत जाते; पण उन्हाळ्यात तेथेही पाने गळतात आणि वणवा जमिनीवरचे गवत व पालापाचोळा जाळत पुढे सरकतो.

आता हिशेबाकडे वळू. एक क्विंटल, म्हणजे १०० किलो, वाळलेले गवत जळाले असे समजा. मागे थोडीशी राख उरते. बाकीचे कोठे गेले? ते हवेत गेले. त्यातून सुमारे १६० किलो कार्बन डायऑक्साइड, २३० ग्रॅम मिथेन आणि २१ ग्रॅम नायट्रस ऑक्साइड बाहेर पडतो. '१०० किलोंतून १६० किलो कसे?' असे तुम्ही विचाराल. जळताना गवतातील कार्बन हवेतील ऑक्सिजनशी जोडला जातो. त्या ऑक्सिजनचे वजन त्यात मिसळते.

हे तिन्ही हरितगृह वायू आहेत. पृथ्वीवरून बाहेर जाणारी उष्णता ते अडवून धरतात. मात्र तिघांचा स्वभाव सारखा नाही. पुढच्या पावसाळ्यात माळावर पुन्हा गवत उगवते. वाढताना ते हवेतून कार्बन डायऑक्साइड घेते. जेवढे गवत जळाले, तेवढेच पुन्हा उगवले, तर ते १६० किलोंचे कर्ज फिटते. म्हणूनच जगातील देश आपला हिशेब मांडतात, तेव्हा गवताच्या आगीतील कार्बन डायऑक्साइड सहसा त्यात धरत नाहीत.

मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड यांचे तसे नाही. गवत त्यांना परत घेत नाही. मिथेन हवेत सुमारे १२ वर्षे टिकतो, तर नायट्रस ऑक्साइड १०० वर्षांहून अधिक काळ राहतो. शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो मिथेन सुमारे २८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी, तर एक किलो नायट्रस ऑक्साइड सुमारे २७३ किलोंइतकी उष्णता अडवतो. आता गुणाकार करा. २३० ग्रॅम मिथेनचे सुमारे साडेसहा किलो आणि २१ ग्रॅम नायट्रस ऑक्साइडचे पावणेसहा किलो होतात. म्हणजे गवत पुन्हा उगवले तरी दर क्विंटलमागे सुमारे १२ किलोंचे कर्ज हवेत शिल्लक राहते. शिवाय दरवर्षी वणवा लागला, तर लहान रोपे जळतात आणि झाडे वाढत नाहीत. झाड वाढलेच नाही, तर त्याच्या खोडात साठणारा कार्बन हवेतच राहतो.

जगभर हा हिशेब कसा बदलत गेला? पूर्वी दूरच्या रानात किती जळाले, हे कोणालाच कळत नसे. १९९९ मध्ये 'टेरा' आणि २००२ मध्ये 'ॲक्वा' हे उपग्रह सोडण्यात आले. त्यांनी आकाशातून आगी टिपल्या. १९९८ ते २०१५ या १८ वर्षांत जगातील जळणारे क्षेत्र सुमारे एक चतुर्थांशाने घटले, असे दिसून आले. ही घट मुख्यतः गवताळ प्रदेशांत झाली. पण लगेच आनंद मानू नका. पुष्कळ ठिकाणी आग कमी झाली, ती गवताळ रान नांगरून शेते झाल्यामुळे. आगीबरोबर रानही गेले.

रान राखून धूर कमी करता येतो का? ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात तेथील आदिवासी उन्हाळा तापण्यापूर्वीच, गवत थोडे ओले असताना, छोट्या छोट्या आगी लावून पट्टे मोकळे करत. २००६ पासून वेस्ट अर्नहेम लँड या भागात ही जुनी रीत पुन्हा सुरू झाली. त्यामुळे उशिराचे मोठे वणवे घटले आणि वायूही कमी बाहेर पडले. आपल्याकडे वन विभागही उन्हाळ्यापूर्वी 'जाळरेषा' काढतो. गवत नसलेल्या या पट्ट्याशी आली, की आग थांबते. मात्र हे काम जाणकारांचे आहे. ते आपण करून पाहायचे नाही. राखीव जंगलात आग लावणे हा कायद्याने गुन्हा आहे.

आपल्या देशात बहुतेक वणवे माणसामुळेच लागतात. कोणी मोहाची फुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतो. कोणी तेंदूची नवी पाने चांगली फुटावीत म्हणून, तर कोणी गुरांना कोवळे गवत मिळावे म्हणून आग लावतो. ही कष्टाने पोट भरणारी माणसे आहेत. त्यांना नुसते दोष देऊन वणवा विझणार नाही. मोहाखालचा पाला झाडून काढता येतो, झाडाखाली जाळी किंवा जुनी साडी पसरता येते. वाळलेले गवत कापून आणले, तर तेच उन्हाळ्यात जनावरांचा चारा होते. जमिनीवर घरटी करणारे चंडोल आणि तितरही वाचतात.

भारतीय वन सर्वेक्षण ही देहरादूनची संस्था २००४ पासून उपग्रहांच्या साहाय्याने वणव्याची सूचना देत आली आहे. पण उपग्रहाच्या आधी आग दिसते ती गावातल्या माणसाला. तुम्हांला रानात धूर दिसला, तर धावत जवळ जाऊ नका. घरच्या वडील माणसांना सांगा आणि वनरक्षकाला कळवा. बांधावरचे गवत पेटवण्यासाठी कोणी काडी हातात घेतली, तर त्यांना हा १२ किलोंचा हिशेब समजावून सांगा. कदाचित ती काडी पुन्हा पेटीत जाईल.