गुन्ह्याची नोंद आणि मताचा कौल
मतदाराला उमेदवारावरचे प्रलंबित खटले शपथपत्रात वाचता येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 च्या निकालाने ती सोय झाली. 2018 पासून उमेदवारांना ही माहिती प्रचारकाळात वृत्तपत्रांतून आणि वाहिन्यांवरून तीनदा जाहीर करावी लागते. ती जाहिरात किती जण वाचतात, हा प्रश्नच आहे.

आरोपाचा परिणाम सरळ नसतो. राष्ट्रवादी काँग्रेसचे छगन भुजबळ मार्च 2016 मध्ये अटकेत गेले, मे 2018 मध्ये जामिनावर सुटले आणि 2019 मध्ये येवल्यातून पन्नास हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. दिल्लीतील महाराष्ट्र सदनाच्या बांधकामातील गैरव्यवहाराच्या प्रकरणात विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले ते 2021 मध्ये, म्हणजे मतदारांचा कौल आधीच लागला होता. उलट घरकुल गैरव्यवहार प्रकरणात तुरुंगात असलेले शिवसेनेचे सुरेश जैन 2014 मध्ये जळगावातून हरले. पण तेव्हा शिवसेना-भाजप युती तुटली होती आणि मोदी लाटही होती, त्यामुळे पराभवाचे सारे खापर खटल्यावर फोडता येत नाही.

समर्थकांना खटला बहुधा सूडाचे राजकारण वाटतो, विरोधकांना पुरावा. राजकीय अभ्यासक मिलन वैष्णव यांच्या अभ्यासानुसार, जिथे शासन दुबळे आणि जातीय चुरस तीव्र, तिथे कामे करून देणारा दांडगा नेता मतदार जाणूनबुजून निवडतात. शिक्षेचे मात्र वेगळे: दोन वर्षे किंवा अधिक कैद झाली की सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानुसार आमदारकी तत्काळ जाते.