कामठ्याची ओढ आणि कोपराचे दुखणे

धनुष्य ओढणाऱ्याचे कोपर बहुधा दोनपैकी एका जागी दुखते: बाहेरच्या बाजूला हाडाचा जो उंचवटा बोटाला लागतो तिथे, नाहीतर आतल्या बाजूच्या तशाच उंचवट्यावर. बाहेरच्या दुखण्याला टेनिस एल्बो आणि आतल्याला गोल्फर्स एल्बो म्हणतात. या नावांवर फार जाऊ नये. टेनिस एल्बोचे पहिले वैद्यकीय वर्णन जर्मन डॉक्टर रुंगे यांनी १८७३ मध्ये केले, तेही लिहून लिहून हात अवघडलेल्या माणसांचे. त्यात टेनिसचा संबंध नव्हता.

या दोन उंचवट्यांना मनगट आणि बोटे हलवणारे स्नायू चिकटलेले असतात. स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट, पांढऱ्या दोरखंडाला कंडरा म्हणतात. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंच्या कंडरा बाहेरच्या उंचवट्यावर येतात, मनगट आणि बोटे मिटणाऱ्यांच्या आतल्यावर. एकेक कंडरा जेमतेम नखाएवढ्या जागेत रुतलेली असते आणि हाताने पेललेल्या वजनाचा ताण शेवटी त्या जागेवर येतो.

हा ताण किती, ते धनुष्यावरही ठरते. बुलढाणा जिल्ह्यात धनुष्याच्या दोन परंपरा आहेत. उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याच्या जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत भिल्ल, बारेला, कोरकू, निहाल या समाजांची वस्ती आहे. भिल्लांचा तीरकामठा बांबूचा असतो, त्याची दोरीही बांबूच्याच सालीची. दुसरी परंपरा स्पर्धेची. बुलढाण्याचा प्रथमेश जावकर याने मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला १४९–१४८ असे हरवून सुवर्णपदक मिळवले आणि त्याच वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत तो सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. त्याचे धनुष्य मात्र कंपाउंड जातीचे, चाकांचे. लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरसारख्या शेतीच्या गावातल्या मुलाला ते परवडणारे नाही. त्याला सुरुवात करायची तर बांबूच्या साध्या धनुष्यावर, ‘इंडियन राउंड’ या प्रकारात, जिथे ५० आणि ३० मीटरवरून नेम धरतात.

कोपराच्या दृष्टीने या दोन धनुष्यांत मोठा फरक आहे. कंपाउंडची कमाल ओढ स्पर्धेत ६० पाउंड, म्हणजे सुमारे २७ किलो असते. पण दोरी पूर्ण मागे आली की चाके भार घेतात आणि हातावर त्याचा तिसरा-चौथा हिस्सा किंवा त्याहूनही कमी उरतो. बांबूच्या धनुष्यात उलट आहे. दोरी जितकी मागे, तितका जोर जास्त, आणि नेम धरताना हात थांबतो तो नेमका सर्वाधिक वजनावर. १८ किलो ओढीच्या धनुष्यातून सरावात शंभर बाण सोडले, तर बोटांनी एकूण १८०० किलो ओढलेले असतात, आणि प्रत्येक वेळी दोन-चार सेकंद ते धरूनही ठेवलेले असतात. कारखान्यात बनलेल्या धनुष्यावर पाउंडेज, म्हणजे ओढीचे वजन, छापलेले असते, तेही २८ इंच ओढीचे. लांब हाताच्या मुलाने त्यापुढे ओढले की दर इंचाला दोन-तीन पाउंड वाढतात. गावात केलेल्या कामठ्यावर तर काहीच लिहिलेले नसते. कापूस किंवा धान्य मोजायचा लटकता काटा दोरीला अडकवून, स्वतःच्या बाणाच्या लांबीइतके ओढून वजन पाहणे हा सोपा उपाय आहे. मात्र बाण न लावता दोरी सोडू नये, धनुष्य फुटते.

धनुष्य धरणारा हात वेगळ्या कारणाने दुखतो. दोरी सुटल्यावर धनुष्यात साठलेली सगळी ऊर्जा बाणात जात नाही. उरलेली धनुष्याच्या पात्यांत आणि दोरीत थरथरते आणि मुठीतून कोपरापर्यंत येते. बाण जितका हलका, तितका हा हादरा मोठा. धनुष्य घट्ट आवळून धरण्याची सवय त्यात भर घालते. मूठ आवळताना बोटे मिटणारे स्नायू मनगटही आत ओढू पाहतात. त्याला सरळ ठेवण्यासाठी बाहेरच्या बाजूचे स्नायू ताणले जातात. एका हाताची मूठ वळून दुसऱ्या हाताची बोटे कोपराखाली बाहेरच्या बाजूला ठेवली, तर हे कोणालाही जाणवेल. म्हणून चांगले प्रशिक्षक धनुष्य तळहाताच्या अंगठ्याकडच्या भागावर टेकवायला आणि बोटे सैल ठेवायला लावतात. कोपर पूर्ण ताणून उलटे वळवले तर दोरी आतल्या बाजूला आपटते आणि सांध्यावरही ताण येतो. ते किंचित वाकवून फिरवलेले बरे.

ओढणाऱ्या हाताचे गणित अधिक गुंतागुंतीचे. दोरी बोटांच्या टोकांवर धरली किंवा मनगट आत मुडपले की सगळा भार आतल्या उंचवट्यावर जातो. दोरी पहिल्या पेराच्या सांध्यात असावी, मनगट सरळ, आणि ओढ दंडाने नव्हे तर खांद्यामागच्या, पाठीच्या स्नायूंनी. पुरी ओढल्यावर कोपर बाणाच्या रेषेत किंवा किंचित वर आले की पाठ काम करते आहे असे समजावे. खाली झुकलेले कोपर हे जड धनुष्याचे सर्वांत ठळक लक्षण आहे. भिल्लांमध्ये अंगठा न लावता ओढण्याची रीत एकलव्याच्या कथेशी जोडली जाते. कोपराला अंगठ्याने फरक पडत नाही, दोन बोटांनी ओढायचे की तीन, याने पडतो, कारण दोन बोटांत तोच भार जास्त एकवटतो. बाण सोडण्याचा क्षणही महत्त्वाचा. तुर्की संशोधक हायरी एर्तान आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तिरंदाजांच्या हाताच्या स्नायूंतले विद्युतसंकेत मोजले. बाण सोडताना तिरंदाज बोटे मिटणारे स्नायू नुसते सैल सोडत नाहीत, बोटे उघडणारे स्नायूही आकसतात, असे त्यांना दिसले. हे उघडणारे स्नायू बाहेरच्या उंचवट्यावरचे. ओढणाऱ्या हाताचेही बाहेरचे कोपर का दुखते, त्याचा एक धागा इथे सापडतो.

या दुखण्याला टेंडिनायटिस, म्हणजे कंडरेची सूज म्हणण्याची पद्धत आहे. पण अमेरिकी शल्यविशारद रॉबर्ट नर्शल यांनी १९७९ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा सुजेच्या पेशी जवळजवळ नव्हत्याच. दिसले ते विस्कटलेले तंतू आणि बिनकामाच्या बारीक रक्तवाहिन्या. निरोगी कंडरेत कोलॅजेनचे तंतू समांतर असतात. जुन्या दुखण्यात त्यांची रचना ढासळते आणि दुरुस्ती अर्धवट राहते. कंडरेला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे दुरुस्तीचा वेगही मंद. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१३ मध्ये टाचेच्या कंडरेतला कार्बन-१४ मोजला. अणुचाचण्यांमुळे १९५०–६० च्या दशकांत हवेत वाढलेला हा कार्बन त्या काळी वाढीच्या वयात असलेल्यांच्या कंडरेत तसाच सापडला. साधारण १७ व्या वर्षानंतर तिचा गाभा जवळपास बदलतच नाही. कोपराची कंडरा वेगळी असली, तरी आठवडाभराच्या विश्रांतीने ती नवी होईल ही अपेक्षा का चुकते, ते यावरून कळते.

सुजेवरच्या गोळ्यांनी काही दिवस बरे वाटते. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने तर फारच लवकर. त्याची किंमत पुढे मोजावी लागते. ऑस्ट्रेलियात १६५ रुग्णांवर झालेली आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी याबाबत बोलकी आहे. वर्षभरात स्टिरॉइडचे इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ५४ टक्क्यांना दुखणे उलटले, तर मिठाच्या पाण्याचे इंजेक्शन घेतलेल्यांपैकी फक्त १२ टक्क्यांना. स्पर्धा तोंडावर आली म्हणून इंजेक्शन घेऊन मैदानात उतरणे त्यामुळे शहाणपणाचे नाही.

सर्वाधिक भरवशाचा उपाय म्हणजे मोजून-मापून वाढवत नेलेला व्यायाम. सुरुवातीला हात टेबलावर ठेवून, तळवा खाली करून, पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली मनगट सरळ ठेवून ३० ते ४५ सेकंद धरायची, असे चार-पाच वेळा. दोन-तीन आठवड्यांनी दुसऱ्या हाताच्या मदतीने मनगट वर न्यायचे आणि बाटली सावकाश, तीन-चार सेकंद घेत, खाली सोडायची. पंधरा-पंधराच्या तीन फेऱ्या. आतली बाजू दुखत असेल तर तळवा वर करून हेच. व्यायाम करताना थोडे दुखले तर चालते. दहापैकी चारांच्या वर जाऊ नये आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढलेले नसावे. हे किमान बारा आठवडे चालवायचे असते. बहुतेक जण सहाव्या आठवड्याला, बरे वाटू लागताच सोडून देतात. कोपराखाली दोन बोटांच्या अंतरावर बांधायचा पट्टा काम करताना आराम देतो, पण तो व्यायामाऐवजी नव्हे.

विश्रांतीचा हिशेब करताना शेत विसरले जाते. धनुष्य महिनाभर खुंटीला टांगले आणि त्याच महिन्यात सोयाबीनची सोंगणी, निंदण किंवा फवारणीच्या पंपाचा दांडा चालू राहिला, तर कंडरेला सुट्टी मिळालेलीच नसते. विळ्याची मूठ चिंधी गुंडाळून जाड करणे, भार उचलताना तळवा वर ठेवणे, हात आलटून-पालटून वापरणे एवढे बहुतेकांना जमण्यासारखे असते.

मुलांचे कोपर ही स्वतंत्र बाब आहे. दहा ते सोळा वर्षांत हाडांची टोके अजून जुळायची असतात आणि ताण कंडरेऐवजी त्या कोवळ्या सांध्यावर येतो. इंग्लंडचे ‘मेरी रोझ’ जहाज १५४५ मध्ये बुडाले, ते १९८२ मध्ये वर काढले. त्यावरच्या सांगाड्यांत खांद्याच्या हाडाचे टोक न जुळल्याचे प्रमाण नेहमीपेक्षा जास्त होते, आणि लहानपणापासून जड धनुष्ये ओढल्याचा हा परिणाम असावा, असे ॲन स्टर्लंड यांनी सुचवले. मुलाचे कोपर दोन आठवड्यांपेक्षा जास्त दुखले तर एक्स-रे काढून घ्यावा. करंगळीत मुंग्या, मानेतून हातात उतरणारी कळ, कोपर अडकणे, रात्रीचे दुखणे किंवा ताप असेल, तर कोणत्याही वयात ते कंडरेचे साधे दुखणे धरू नये. सहा महिने ते वर्षभर सगळे करूनही फरक नसेल, तेव्हाच शस्त्रक्रियेचा विचार होतो, आणि ती वेळ थोड्यांवर येते.

पुन्हा धनुष्य हाती घेताना आधी सायकलच्या ट्यूबची पट्टी ओढून ढब सुधारावी. मग पूर्वीच्या धनुष्यापेक्षा पाच-सात किलो हलके धनुष्य, एक दिवसाआड तीस बाण. दोन आठवडे सकाळचे दुखणे न वाढल्यास आधी बाणांची संख्या वाढवावी, नंतर धनुष्याचे वजन. दोन्ही एकदम वाढवू नयेत.