माउथ ऑर्गन आणि जिभेची झडप

‘शोले’ (1975) या चित्रपटात जय माउथ ऑर्गन वाजवताना दिसतो. प्रत्यक्षात ते वादन भानू गुप्ता यांचे. असे सूर ऐकून पुष्कळ जण हौसेने बाजा विकत आणतात, तोंडाला लावतात आणि एका सुराऐवजी तीन-चार सूर एकदम ऐकून गोंधळतात.

रावेरच्या एका शिक्षकांनी आम्हांला हेच विचारले होते. त्यांच्या वर्गातला एक मुलगा पुढे करून ते म्हणाले, “सर, याचा कान कच्चा आहे का? एक सूर वाजव म्हटलं की तीन वाजतात. मुलं हसतात, म्हणून आता हा बाजा दप्तरातून काढतच नाही.”

आम्ही बाजाच्या डावीकडच्या पहिल्या तीन छिद्रांवर चिकटपट्टी लावली आणि मुलाला सांगितले, “तोंड जसं ठेवतोस तसंच ठेव, फक्त हळू फुंक.” चौथ्या छिद्रातून एकच स्वच्छ ‘सा’ निघाला. “आता एकच आहे!” मुलगाच म्हणाला. म्हणजे कान पक्का होता, दमही होता. मग अडत कोठे होते?

त्यासाठी बाजाच्या आत डोकावू या. दहा छिद्रांच्या साध्या माउथ ऑर्गनमध्ये वीस रीड असतात. रीड म्हणजे एका टोकाला घट्ट बसवलेली धातूची पातळ पत्ती. पेटीतही अशाच पत्त्या असतात. तेथे हवा भाता देतो, येथे आपली छाती. प्रत्येक छिद्राला दोन रीड असतात. एक फुंकल्यावर वाजते, दुसरी हवा आत ओढल्यावर. सूर कोणता लागणार हे मुख्यतः पत्तीची लांबी आणि जाडी ठरवते. जोरात फुंकल्याने आवाज वाढतो, सूर सुधारत नाही. उलट फार जोर केला तर पत्ती अडखळते.

आता पांढरी एकच्या, म्हणजे ‘सी’च्या, बाजावर फुंकून पहिल्या चार छिद्रांतून मिळणारे सूर पाहा : सा, ग, प, सा. त्यांच्या कंपनसंख्यांचे प्रमाण सुमारे 4:5:6:8 आहे. त्याच छिद्रांतून हवा ओढली की रे, प, नी, रे मिळतात. प्रमाण सुमारे 3:4:5:6. इतक्या साध्या प्रमाणातले सूर एकत्र वाजले तरी कानाला गोड लागतात. शेजारी एकमेकांशी जुळावेत अशीच ही मांडणी आहे. छिद्रे मात्र इतकी जवळजवळ आहेत की चार छिद्रे मिळून जेमतेम तीन सेंटीमीटर होतात. सहज उघडलेल्या तोंडात ती सगळी मावतात. म्हणून मुलाचे तीन सूर ही चूक नव्हती, बाजाचा तो स्वभावच आहे. एकच सूर हवा असेल तर बाकीची छिद्रे बंद करायला हवीत.

चिकटपट्टीने गाणे वाजवता येणार नाही, कारण प्रत्येक सुराला बंद करायची छिद्रे बदलतात. सरकणारी झडप हवी. ती आपल्या तोंडातच आहे : जीभ.

आधी धरणे पाहू. 1 आकडा, म्हणजे खालचे सूर, डावीकडे. डाव्या हाताचा अंगठा खाली व तर्जनी वर ठेवून बाजा मागच्या कडेला धरा, म्हणजे पुढची बाजू ओठांसाठी मोकळी राहते. उजवा तळहात मागून जोडून ओंजळीसारखी पोकळी करा. ही ओंजळ मिटली की आवाज दबका होतो, उघडली की खुलतो. मान खाली घालू नका. बाजा तोंडाकडे आणा.

आता चार छिद्रे ओठांत घ्या. ओठांच्या ओलसर आतल्या भागाने बाजा धरा. जिभेचे टोक किंचित खाली वळवून तिचा वरचा रुंद भाग डावीकडच्या तीन छिद्रांवर हलकेच टेकवा. तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून हवा जाईल आणि चौथे छिद्र एकटे वाजेल. जीभ दाबू नका. दाबली की ती थकते. जीभ उचलली की चारही सूर, टेकवली की एक. जिभेने मधली दोनच छिद्रे झाकली तर दोन्ही टोकांचे ‘सा’ एकत्र वाजतात.

सप्तक चौथ्या छिद्रापासून असे मिळते : 4 फुंकून सा, ओढून रे, 5 फुंकून ग, ओढून म, 6 फुंकून प, ओढून ध, 7 मात्र आधी ओढून नी, मग फुंकून सा. ही उलटापालट नवशिक्यांना हमखास फसवते.

पहिला सराव गाण्याचा नको, आगगाडीचा करावा. रावेर भुसावळ-खांडवा मार्गावर आहे, गाड्यांचा ठेका तेथील मुलांच्या कानात भरलेला असतो. जीभ बाजूला ठेवून पहिल्या तीन छिद्रांतून दोनदा ओढा, दोनदा फुंका. हळू सुरू करून वेग वाढवा. 4 आणि 5 मधून एकदम ओढले की शिट्टी! मग मध्येच जीभ टेकवून एकटा सूर काढा. त्या मुलाने हे करताच वर्ग पुन्हा हसला, पण या वेळी बाजा दप्तरात गेला नाही.

प्रत्येकाचा बाजा वेगळा असावा आणि वाजवण्यापूर्वी चूळ भरावी, हे सांगायला नकोच. शेवटी वर्गासाठी एक प्रश्न. पाचव्या छिद्रातून ‘म’ ओढताना जीभ उचलली तर येणारा मेळ चौथ्या छिद्राइतका निवांत वाटत नाही. असे का? दुसऱ्यापासून पाचव्या छिद्रापर्यंतचे ओढण्याचे सूर फळ्यावर लिहा, आणि उत्तर मुलांनाच शोधू द्या.